पूर्वेचा वारा आणि कापसातली अळी

प्रश्न: अमळनेर तालुक्यात आमची सहा एकर जमीन आहे. चार एकर कापूस, दोन एकर मका. कापूस मृगाच्या पावसावर लावला, आता ६० दिवसांचा होऊन पाती म्हणजे कळ्या आणि फुलांवर आहे. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस आभाळ दाटून राहिलं, तेव्हा गावात सगळ्यांनी पंप काढले. मीही पंधरा दिवसांत तीन फवारण्या केल्या. तरी दसऱ्यानंतर बोंडं फोडून पाहिली तर निम्म्यांत गुलाबी अळी. आमचे आप्पा म्हणतात, ‘पूर्वना वारा सुटना का अळी उनीच समज,’ म्हणजे पूर्वेचा वारा सुटला की अळी आलीच. पुतण्या मोबाईलवर बघून सांगतो की उद्या ढग आहेत, आजच फवारा मारून घ्या. कीड खरंच वाऱ्यावर येते का? येते तर कुठून? हवामान बघून फवारणी ठरवायची तर कशी? आणि विहिरीला पाणी आहे, तर कापूस मार्चपर्यंत ठेवावा का?

उत्तर:

भाऊ, तुमच्या पत्रातले आप्पा आणि पुतण्या दोघंही आभाळाकडे लक्ष ठेवून असतात, याचा मला आनंद वाटला. दोघांचं बघणं बरोबर आहे. चूक होते ती त्यानंतर, आभाळ बघून थेट पंप खांद्यावर घेण्यात. मधली एक पायरी राहून जाते, ती म्हणजे शेतात जाऊन मोजणं. ढग, वारा, पाऊस यांवरून आपण आज शेतात काय शोधायचं ते ठरवावं. मारायचं की नाही, हे झाडावरची संख्या बघूनच ठरतं.

आधी आप्पांच्या वाऱ्याबद्दल. आपल्या खोऱ्याची ठेवण बघा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची आणि सातमाळ्याची रांग, आणि मधून तापी पश्चिमेला वाहत जाऊन सुरतेपुढे समुद्राला मिळते. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. ऑक्टोबरात मान्सून माघारी फिरला की दिशा पालटते आणि पूर्वेकडून, ईशान्येकडून कोरडा वारा वाहू लागतो. आप्पांचा पूर्वेचा वारा तो हाच. बोंडांत गुलाबी अळी डोळ्यांना दिसू लागते तीही याच सुमाराला. म्हणजे आप्पांनी पाहिलं ते खरंच आहे. फक्त ती अळी त्या वाऱ्यावरून आलेली नसते. ती जुलैपासून तुमच्याच शिवारात असते.

हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या तीन फवारण्या का वाया गेल्या त्याचं उत्तर यातच आहे. मागच्या हंगामातली अळी सरकीत, अर्धवट उमललेल्या बोंडांत, बांधावर रचलेल्या पऱ्हाटीत म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांत आणि जिनिंगमधल्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या कारखान्यातल्या, कचऱ्यात झोपून राहते. उन्हाळ्याच्या शेवटी ऊब आणि ओल मिळाली की तिचे पतंग बाहेर पडू लागतात. त्या वेळी शिवारात पाती नसतील तर अंडी घालायला जागा नसते आणि ते पतंग फुकट मरतात. मे महिन्यात लावलेला बागायती कापूस मात्र त्यांना नेमक्या वेळी पाती देतो. १ जूनआधी कापूस लावू नका असं कृषी विभाग सांगतो ते याचसाठी. तुम्ही मृगावर लावला हे चांगलं केलं, पण शेजारच्या शिवारात मेचा कापूस असेल तर तिथली पहिली पिढी तुमच्याकडे येणारच.

आपल्याकडच्या पावसाळी तापमानात या किडीची एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. जुलैत मूठभर पतंग, ऑगस्टात ओंजळभर, आणि ऑक्टोबरात तिसरी-चौथी पिढी आली की शेतभर. शिवाय तोवर पाऊस उघडलेला, रात्री निवांत आणि झाडावर कोवळ्या कैऱ्या, म्हणजे हिरवी बोंडं, भरपूर. तेव्हा आप्पांचा वारा घड्याळासारखा धरा. तो सुटला म्हणजे अळीला तीन महिने मिळून गेलेले आहेत आणि आपल्याला उशीर झालेला आहे.

आता गेल्या ऑगस्टचं. आठ-दहा दिवस ढगाळ, दमट हवा राहिली की कापसावर वाढतात ते मावा आणि तुडतुडे, हे पानांतला रस शोषणारे किडे. गावाने फवारलं ते बहुधा त्यांच्यावर. गुलाबी अळी तेव्हा थोडी होती, आणि जी होती ती औषधाच्या आवाक्यात नव्हती. अंड्यातून निघालेली अळी दिवसभराच्या आत पात्यात नाहीतर बोंडात शिरते, आणि शिरलेलं भोक नंतर बुजून जातं. वरून कितीही मारा, आत काही पोचत नाही. उलट ढालकिडे, क्रायसोपा, कोळी हे किडी खाणारे तुमचे राखणदार मात्र मेले. हे मला मनापासून सलतं, कारण ते पैसे, ते कष्ट आणि ते मित्रकिडे, तिन्ही एकाच वेळी गेले.

मग कीड वाऱ्यावर येतच नाही का? येते, पण सगळ्याच किडी येत नाहीत. मक्यावरची लष्करी अळी घ्या. ही मूळची अमेरिकेची. आपल्या देशात ती पहिल्यांदा २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही दिसली. तिचा पतंग एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. असे पतंग दिवस मावळल्यावर वर चढतात, काही शे मीटर उंचीवर वाऱ्याची धार सापडली की तिच्याबरोबर वाहत जातात आणि पहाटे जिथे असतील तिथे उतरतात. दोन बाजूंचे वारे जिथे एकमेकांना भिडतात, किंवा पावसामुळे गार झालेली हवा जिथे खाली कोसळते, तिथे ते एकवटतात. म्हणून कधी कधी एका शिवारात एकदम झुंबड उडते आणि दोन कोसांवर काहीच नसतं. हवामानाच्या रडारवरसुद्धा किड्यांचे असे थवे दिसतात. हरभऱ्यावरची घाटेअळी, म्हणजेच कापसातली हिरवी बोंडअळी, हीही लांबवर उडणाऱ्यांतलीच.

आणि टोळ. मे २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातून टोळधाड अमरावती, नागपूरकडे उतरली ते तुम्हाला आठवत असेल. त्या धाडीची सुरुवात दोन वर्षं आधी झाली होती, आपल्यापासून फार लांब. २०१८ मध्ये मे महिन्यात ‘मेकुनु’ आणि ऑक्टोबरात ‘लुबान’ अशी दोन चक्रीवादळं अरबस्तानच्या वाळवंटावर पाऊस पाडून गेली. जिथे वर्षानुवर्षं थेंब पडत नाही तिथे वाळू ओली झाली, हिरवळ उगवली आणि टोळांच्या पिढ्यांवर पिढ्या निघाल्या. टोळ दिवसा वाऱ्याच्या दिशेने उडतात, एका दिवसात दीडशे किलोमीटरपर्यंत. टोळांवर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा १९३९ पासून आहे, तिचं ठाणं आता जोधपूरला आहे. ती वारा आणि पाऊस दोन्ही पाहते, ते याचमुळे. अशी कीड एकट्या शेतकऱ्याच्या हातातली नसते. तिची खबर वरूनच यावी लागते.

तुमच्या हातात आहे ते तुमचं सहा एकर. तिथे हवेप्रमाणे काय शोधायचं ते सांगतो.

झड लागलेली असताना पानांवर बसणारे फुलकिडे आणि मावा जोरदार सरीने धुऊन जातात. मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, पाणी साचून लष्करी अळीची बारीक पिल्लंही मरतात. म्हणून झडीत घाबरू नका, तसंही शेतात पाय घालता येत नाही. खरी नजर ठेवायची ती झड थांबल्यावर, आभाळ दाटलेलं पण पाऊस रिमझिम, अशा दिवसांत. सकाळी दव उडायच्या आत जा, तेव्हा किडे सुस्त असतात. बांधाकडची झाडं सोडून आत शिरा, आडवे-तिडवे फिरा आणि एकरात वीसेक झाडं धरा. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन पानं हळूच उलटी करा. फिकट हिरवी पिल्लं तिरकी चालत पळाली की ते तुडतुडे. दर पानाला सरासरी दोन-तीन तुडतुडे किंवा दहा मावा, याच्या आत असेल तर घरी या. पानांवर चिकटा पडला असेल पण ढालकिड्याच्या अळ्या फिरत असतील, तरी दोन दिवस थांबून पुन्हा मोजा.

पावसाला खंड पडला, ऊन तापलं, की पारडं फिरतं. फुलकिडे वाढतात, पानामागे शिरांजवळ चंदेरी चमक येते. सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत पांढरी माशी येते. मक्यात लष्करी अळीला असा कोरडा, उबदार खंड फार मानवतो. रोपं लहान असताना १०० रोपांत ५ रोपांच्या पोंग्यात ताजी खाल्लेली पानं आणि लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा दिसली, की हालचाल करायची. अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके, ही तिची खूण.

एक गोष्ट कीड नसतानाही किडीसारखी दिसते. लांब खंडानंतर एकदम मोठा पाऊस झाला, किंवा तापलेल्या जमिनीला भरपूर पाणी दिलं, की कापसाची चांगली झाडं काही तासांत माना टाकतात. याला आकस्मिक मर म्हणतात. लोक घाबरून कीटकनाशक फवारतात, त्याचा काही उपयोग नाही. चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा आणि वाफसा येताच, म्हणजे जमीन कामाजोगी सुकताच, कोळपणी करा.

तुमच्या पत्रात केळीचा विषय नाही, पण रावेर-यावलकडचे वाचकही हे सदर वाचतात म्हणून दोन ओळी. केळीतला कुकुंबर मोझॅक विषाणू माव्यामार्फत पसरतो, आणि पंख फुटलेला मावा वाऱ्याबरोबर शेत बदलतो. तो क्षणभर सोंड टोचतो तेवढ्यातच विषाणू झाडात जातो, त्यामुळे औषधाने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत बागेभोवती काकडी, भोपळा यांचे वेल आणि तण ठेवू नयेत, आणि पट्टे दिसलेलं झाड लगेच उपटून नष्ट करावं.

आता गुलाबी अळीच्या सापळ्यांकडे वळतो, कारण तुमची लढाई तिथेच आहे. एकरी दोन, म्हणजे चार एकरांत आठ कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, आजच्या आज लावा. खरं तर ४५ दिवसांच्या पिकात ते लागायला हवे होते. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, गुलाबी बोंडअळीचाच घ्या, हिरव्या बोंडअळीचा वेगळा येतो, दोन्ही एका सापळ्यात लावू नका. तंबाखूच्या किंवा औषधाच्या हाताने ल्यूरला शिवू नका. सापळ्याचं तोंड झाडाच्या शेंड्याच्या साधारण फूटभर वर राहिलं पाहिजे, आणि पीक वाढेल तसा सापळा वर सरकवला पाहिजे.

हे मी ठासून सांगतो, कारण मला त्याची किंमत मोजावी लागली आहे. एका वर्षी माझ्या शेतात सगळे सापळे वेळेवर लावले होते. ऑगस्टात रोज दोन-चार पतंग, सप्टेंबरात तर शून्य. मी निर्धास्त राहिलो. पहिल्या वेचणीला कवडी, म्हणजे किडका आणि न उमललेला, कापूस निघायला लागला तेव्हा सापळा शोधत गेलो, तर तो कमरेइतक्या झाडांत बुडालेला. वास बाहेर पसरतच नव्हता, आणि ल्यूरही दोन महिन्यांपूर्वीचा होता. तेव्हापासून मी ल्यूर लावल्याची तारीख काठीवर खडूने लिहितो आणि तीन आठवड्यांनी तो बदलतो. कडक उन्हात तो आणखी लवकर संपतो.

मोजणी रोज सकाळी करा. सापळ्याखालची प्लॅस्टिकची पिशवी सोडा आणि तळहातावर रिकामी करा. गुलाबी अळीचा पतंग एक सेंटीमीटरहूनही लहान, राखाडी-तपकिरी, हाताला धुळीसारखे खवले लागतात. पिशवीत पावसाचं पाणी साचून पतंग कुजत असतील तर तळाला सुईने भोकं पाडा. मोजलेले पतंग टाकून द्या, नाहीतर उद्या पुन्हा तेच मोजाल. एका सापळ्यात एका रात्री ८ पतंग, असे सलग तीन रात्री, ही धोक्याची रेषा. आणि इथे हवामान पुन्हा येतं: जोराच्या पावसात किंवा सोसाट्याच्या वाऱ्यात पतंग उडत नाहीत. अशा रात्रीचा शून्य म्हणजे पतंग नाहीत असं नव्हे. वहीत त्या आकड्यापुढे ‘पाऊस’ लिहा आणि ती रात्र हिशेबात धरू नका.

सापळ्याच्या जोडीला फुलं आणि बोंडं पाहायचीच. पाकळ्या धाग्याने गुंफल्यासारख्या चिकटलेल्या, न उमललेली कळी दिसली की ती डोमकळी, आत अळी असते. तोडा आणि नष्ट करा. बोंडं लागली की आठवड्यातून एकदा एकरात वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडा, पंधरा-वीस दिवसांची, दाबली तर किंचित दबणारी. बाहेरून ती ठणठणीत दिसतील, त्यावर जाऊ नका. दगडावर ठेचून पाकळी उघडा. आतल्या सालीवर बारीक फोडासारखी गाठ, सरकीजवळ पिवळट डाग, कोवळी असेल तर पांढुरकी आणि मोठी असेल तर गुलाबी अळी. २० पैकी २ बोंडांत अशी खूण मिळाली तर फवारणीची वेळ झाली. सापळ्यातली संख्या वाढते तेव्हा अंडी नुकतीच पडत असतात, त्यामुळे औषधाला अळी बाहेर सापडते ती त्याच चार-आठ दिवसांत.

पोळ्याच्या अमावस्येला फवारायचं का, हेही पुष्कळ जण विचारतात. काळोख्या रात्रींच्या आसपास पतंग जास्त अंडी घालतात असं सांगितलं जातं. तुम्ही अमावस्या ही तारीख तपासणीची धरा. दोन दिवस आधी आणि तीन दिवस नंतर सापळा आणि फुलं नेमाने बघा. आकडा रेषेखाली असेल तर अमावस्या असली तरी पंप खाली ठेवा.

पुतण्याला मोबाईल सोडायला सांगू नका, उलट त्याला कामाला लावा. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. खात्याचं ‘मेघदूत’ ॲप आहे, महसूल मंडळनिहाय ‘महावेध’ हवामान केंद्रांचे आकडे आहेत. विदर्भात २००८ साली सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाला, त्यानंतर राज्याने किडींच्या सर्वेक्षणाचा ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प सुरू केला. त्यात कापूसही आहे, गावच्या कृषी सहायकाकडे त्याचा सल्ला मागा. पण मंडळातलं केंद्र तुमच्या बांधापासून पाच-सात किलोमीटर दूर असणार, आणि आपल्याकडे पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसऱ्यावर नाही. सरळ कडांचा रिकामा डबा उघड्यावर ठेवा, सकाळी पट्टीने मोजा. जेवढे मिलिमीटर पाणी, तेवढा पाऊस. आणि एका वहीत पाच रकाने पाडा: तारीख, पाऊस, आभाळ, वाऱ्याची दिशा, सापळ्यातले पतंग. वाऱ्याची दिशा आप्पांना लिहायला सांगा. दोन वर्षांनी ती वही तुमच्या शिवारापुरती कोणत्याही ॲपहून कामाची ठरेल.

फवारायची वेळ आलीच, तर अंदाज तिथे खरा उपयोगी पडतो. फवारल्यावर निदान चार-सहा तास उघडीप हवी. पानं सतत हलवणारा वारा असेल तर थांबा. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क चालतो. पुढचं औषध आणि मात्रा कृषी विज्ञान केंद्राला विचारून घ्या, दुकानात सांगितलेली तीन-चार औषधं एका टाकीत मिसळू नका. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं लवकर वापरली तर पांढरी माशी उसळते. आणि भाऊ, २०१७ मध्ये यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, ते विसरू नका. डोक्याइतक्या उंच कापसात, दमट हवेत, उघड्या अंगाने पंप चालवला की औषध आपल्याच नाकातोंडात जातं. हातमोजे, मास्क, पूर्ण कपडे घाला, वाऱ्याकडे पाठ ठेवा आणि दुपारच्या उन्हात फवारू नका. मजूर लावला तर त्यालाही हे सगळं तुम्हीच द्या.

शेवटचा प्रश्न मार्चपर्यंत कापूस ठेवण्याचा. ठेवू नका. विहिरीला पाणी असलं की फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस उभा ठेवण्याचा, मोह होतो, दोन-तीन क्विंटल वरचे मिळतील असं वाटतं, पण तेवढ्या काळात तुम्ही गावाला पुढच्या वर्षाची अळी पोसून देता. डिसेंबर संपायच्या आत शेवटची वेचणी करून शेतात जनावरं सोडा, उरलेली बोंडं खाऊ द्या, मग पऱ्हाटी उपटून बारीक करून खतात घाला. सरपण म्हणून बांधावर रचू नका. गावाजवळ जिनिंग असेल तर तिथे सापळे लावण्याविषयी ग्रामसभेत बोला. मोकळ्या झालेल्या रानात उशिराचा हरभरा घेणार असाल, तर थंडीत मधेच आभाळ येऊन रात्री उबदार झाल्या की घाटेअळीचे सापळे त्या दिवसापासून रोज बघायचे. पोळ्यापर्यंतचे तुमच्या आठ सापळ्यांचे आकडे मला पाठवा, पावसाच्या नोंदीसकट. पुढचं त्यावरून ठरवू.